सातव्या ट्रॅकवरचं व्हायोलिन

मित्रांनो, मला कानाला लावलंत तर काहीच ऐकू येणार नाही. मी एक जुनी मिडी फाईल आहे, आणि माझ्या पोटात आवाज नावाची चीजच नाही. मग आहे काय? नुसत्या सूचना. आत्ता ही पट्टी दाब, एवढ्या जोरात दाब, आता सोड. आता झांज. आता गप्प. एखाद्या पदार्थाची कृती असते ना, तशी मी. शिजवणारं यंत्र दुसरंच असतं. चांगल्या कीबोर्डमध्ये मला घाला, मी अख्खा बँड उभा करते. स्वस्तातल्या खेळण्यात घाला, मी डासासारखी गुणगुणते. त्यात माझा काही दोष नाही बरं का.

मी एवढुशी आहे. तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोच्या जागेत माझ्यासारख्या ढीगभर जणी मावतील. पण आकारावर जाऊ नका. माझ्यात एक असं व्हायोलिन आहे जे बाकी कुणाकडेच उरलं नव्हतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म स्टुडिओत वगैरे नाही झाला. एका दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाला. खाली उघडे पडलेले पंखे, रेडिओ, मिक्सर. वर एक कॉट, एक शिलाई मशीन आणि फ्लॉपीची खाच असलेला सेकंडहँड कीबोर्ड. दुकान ज्याचं होतं त्याला सगळे कानसेन म्हणायचे. मिक्सर नुसता सुरू करून दोन क्षण ऐकला की आत काय बिघडलंय ते तो सांगायचा. शिलाई मशीन त्याच्या मोठ्या बहिणीचं. ती ताई. तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची, कारण तिला दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

ताई गायची. भाऊ कीबोर्ड वाजवायचा. त्यांचा चांगला पाच जणांचा बँड होता. मग ड्रमवाला परदेशी गेला, गिटारवाला लग्नानंतर सासऱ्यांच्या धंद्यात गेला, आणि बेसवाला म्हणाला, "तुम्ही दोघं भांडता, मला ॲसिडिटी होते." राहिले बहीण-भाऊ.

आणि ताईचं हुकमी गाणं नेमकं मोठ्या वाद्यवृंदाचं. त्या काळात घराघरात वाजायचं ते. व्हायोलिनं, बासरी, ड्रम, सगळा थाट.

"हे गाणं म्हणजे माझं नाक आहे," ताई म्हणाली. "हे नाही म्हटलं तर लोक म्हणतील, ताई संपली."

"मग एवढी माणसं कुठून आणू? मिक्सरमध्ये फिरवून काढू?"

"तुझ्या त्या पेटीत भर ना सगळी! नाहीतरी दिवसभर बटणंच दाबत बसलेला असतोस."

हे असं माझं बारसं ठरलं.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण मी कशी तयार झाले याचा मला फार अभिमान आहे. कानसेनकडे गाण्याचे नोटेशनचे कागद नव्हते. होती एक कॅसेट. ती लावली तर गाणं कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजायचं. ही पट्टी दाबली तर खाली, ती दाबली तर वर. दुसरा कुणी असता तर कपाळ धरून बसला असता. यानं टेपरेकॉर्डर उलटा केला, आतल्या मोटरचा बारीक स्क्रू हळूच फिरवला, आणि गाणं बरोब्बर पट्टीवर आणून बसवलं.

मग एकेक वाद्य. थोडं ऐकायचं, रिवाइंड, वाजवायचं, पुन्हा ऐकायचं. बेस तर त्या छोट्या स्पीकरमधून धड ऐकूही येत नव्हता. मग तो स्पीकरच्या पडद्यावर बोटाचं टोक ठेवून बसायचा. थरथर कधी येते ते बोटानं मोजायचा आणि सूर अंदाजाने धरायचा. अधूनमधून ओरडायचा, "ताई, मशीन थांबव! तुझ्या टाक्यांनी माझा बेस गेला!"

"गिऱ्हाईक उद्या नागडं जाईल, चालेल?"

"चालेल! बेस महत्त्वाचा!"

सगळं भरून झालं. दोघांनी हात जोडून मला पहिल्यांदा वाजवलं. मी मोठ्या ऐटीत सुरू झाले. ताल आला, व्हायोलिनं आली, आणि जिथे ताईची चाल वाजवणारी बासरी यायला हवी होती तिथे आल्या टाळ्या, घंटा, शिट्ट्या आणि कुणीतरी डबा बडवल्यासारखा आवाज. दोघं दचकून बघतच राहिले. झालं काय होतं, की आम्हा मिडी फाईलींत दहावा नंबर तालवाद्यांसाठी राखून ठेवलेला असतो. तिथे कुठलीही पट्टी दाबा, सूर येत नाही, ठोका येतो. कानसेनने सगळी सुरावट हौसेनं दहाव्या नंबरवर भरली होती. ताई हसता हसता कापडाच्या ढिगावर पडली.

"अरे, मी गाते की भांडी पाडते?"

"कधीकधी फरक कळत नाही गं."

यावर तिने फेकलेला पिनकुशन मी आयुष्यभर विसरणार नाही.

खरी गंमत पुढे. गाण्याच्या मध्यभागी व्हायोलिनांचा एक तुकडा आहे. कानसेनने तो भरला. ताई शिवता शिवता थांबली.

"इथे अजून कुणीतरी आहे."

"एको आहे तो."

"एको उलट उत्तर देतो का रे? पहिलं वर चढतंय तेव्हा हा खाली उतरतोय. दुसरा माणूस आहे तिथे."

"ताई, मशीननं तुझे कान गेलेत."

"आणि तुझे मिक्सरनं. परत लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा भांडण. अगदी जेवणावरून उठण्यापर्यंत मजल. शेवटी भावाने वैतागून स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि एक युक्ती केली. तारा एका खास उलट्या पद्धतीने जोडल्या की दोन्हीकडून सारखा येणारा, म्हणजे मधोमध वाजणारा आवाज गळून पडतो आणि फक्त कडेचे आवाज उरतात. टेप लावली. मोठं व्हायोलिन विरघळल्यासारखं गेलं. आणि मागे, अगदी लांब, कुणीतरी एकटं दुसरं व्हायोलिन वाजवत होतं. शांतपणे, खाली उतरत.

ताई म्हणाली, "बघ."

"बघतोय."

"बघू नकोस, भर."

त्याने ते भरलं. टेप तिथे झिजलेली होती, मधेच एक जागा तर अगदी रिकामी ऐकू यायची. तिथे त्याने आपल्या मनाने चार सूर जोडले. तो भाग सातव्या ट्रॅकवर गेला. ट्रॅकला नाव द्यायची सोय असते. लोक तिथे 'व्हायोलिन दोन' असं काहीतरी लिहितात. यानं इंग्रजी अक्षरांत टाकलं, 'ताईचा हट्ट'.

मग माझे सोन्यासारखे दिवस आले. वाढदिवस, कंपन्यांचे मेळावे, शाळांची स्नेहसंमेलनं. ताई पुढे उभी, भाऊ कीबोर्डवर, आणि मी फ्लॉपीत बसून सगळा वाद्यवृंद ओढायची. एकदा तर हॉलचा रखवालदार टॉर्च घेऊन पडद्यामागे गेला. परत येऊन म्हणाला, "बाकीचे लोक बसलेत कुठे? त्यांना चहा द्यायचाय." अशी पावती कुठल्या फाईलला मिळते सांगा!

मी शंभर टक्के बरोबर होते का? नाही हो. बेसचे काही सूर अंदाजपंचे होते. पण माझ्यातला एकेक सूर कुणीतरी कान देऊन, भांडून, बोट थरथरवून मिळवलेला होता. फुकटचा एकही नाही.

मग मी पसरले. शेजारचा रंगाच्या दुकानाचा मालक कीबोर्ड शिकत होता. त्याने कौतुकाने मला मागून नेलं आणि इंटरनेटवर टाकलं. आणि मित्रांनो, आम्हा फाईलींमध्ये अस्सल आणि नक्कल असा भेद नसतो. जिथे माझी प्रत, तिथे मीच. मी एकाच वेळी इतक्या ठिकाणी होते की मोजताना चक्कर येईल. खूप मिरवले.

पण प्रत्येकाचा हात लागायला लागला. एकाने कानसेनचं नाव पुसून स्वतःचं घातलं. एकाने मला खालच्या पट्टीत ढकललं. एकाने मला पार सोलून एका वेळी एकच सूर वाजवणारी रिंगटोन केली, आणि मी लोकांच्या खिशात टिंगटिंग करत फिरले. आणि एका शहाण्याने, गाणं 'मूळ रेकॉर्डशी ताडून' बघितलं, सातव्या ट्रॅकवरचं व्हायोलिन त्याला काही ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ते सगळं खोडलं. सूर गेले. ट्रॅकचं नाव तेवढं खोडायचं राहिलं. दुर्दैव असं, की तीच प्रत सगळीकडे चालली. 'सर्वांत अचूक' म्हणून! मला किती राग आला असेल याची कल्पना करा, आणि मला तर दात-ओठसुद्धा नाहीत.

पुढे तयार ट्रॅक आले, खऱ्या वाद्यांचे. आम्हाला लोक हसायला लागले. "ती मिडी? शी, खेळण्यासारखी वाजते." ताईचा आवाज बसायला लागला, कार्यक्रम थांबले. कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. माझी फ्लॉपी सुया-दोऱ्यांच्या डब्यात. पूर्ण अशी मी फक्त तिथेच उरले होते, आणि वर बुरशी चढत होती.

आता दुसऱ्या एका घरात चला.

त्या घरात एक आबा आहेत. तरुणपणी ते स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे. पुढच्या रांगेत नाही, मागे. रेकॉर्डच्या वेष्टनावर ज्यांची नावं कधीच आली नाहीत, त्या मंडळींपैकी. आणि त्या गाण्यातलं दुसरं व्हायोलिन त्यांचं होतं.

आबांच्या गावात हौशी लोकांचा एक छोटा बँड आहे. दाताची डॉक्टर ड्रम वाजवते, एक रोखपाल गिटार वाजवतो, आणि शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक सगळ्यांना सांभाळतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. जी वाद्यं माणसांत नाहीत ती मास्तर माझ्यासारख्या फाईलींकडून वाजवून घेतात. त्यांनी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला, त्यात ते गाणं घेतलं आणि आबांना बोलवायला घरी आले.

आबा खुलले. मग मास्तरांनी लॅपटॉपवर मला वाजवलं. म्हणजे ती खोडलेली प्रत. मधला तुकडा आला. आबा पुढे वाकून ऐकत राहिले. तुकडा संपला.

"माझं कुठंय?" आबांनी विचारलं.

मास्तर अवघडले. "आबा, नवी रेकॉर्डही ऐकली मी. साफसूफ करून काढलीय ना, तिच्यात दुसरं व्हायोलिन ऐकूच येत नाही हो. तुम्ही आठवून वाजवा की."

"आठवून? अहो, आम्ही सकाळी जायचो, समोर कागद यायचा, वाजवायचो, कागद परत. दुपारी दुसरं गाणं. खाली उतरत होतं एवढं आठवतं. सूर नाही आठवत."

"मग पहिल्यासोबत तेच वाजवा. काय बिघडलं?"

"मग मी कशाला? नुसतं धरून बसायला मी काय शोभेचा आहे?" आबांनी डाव्या हाताची बोटं उघडमीट केली. ती हल्ली आखडायला लागली होती. "अजून वळतायत तोवर माझं मला एकदा वाजवायचं होतं. जाऊ दे. तुम्ही करा कार्यक्रम."

त्यांची नात चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "मास्तर, हा सातवा ट्रॅक रिकामा का आहे? आणि याला 'ताईचा हट्ट' असं नाव कोण देतं?"

मास्तरांनी चष्मा वर केला. ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"कुणीतरी हट्ट केला होता म्हणजे इथे काहीतरी होतं," नात म्हणाली. "कुठल्यातरी ताईनं."

"आजकाल ताया काय कमी आहेत?" आबा म्हणाले, पण चहा तसाच ठेवून तेही पडद्याकडे बघायला लागले.

नातीने जुन्या कीबोर्डवाल्यांच्या एका गटावर विचारलं, ही फाईल कुणाची, हा हट्ट कुणाचा. आधी लोकांनी चेष्टा केली. एकाने लिहिलं, 'माझ्या ताईचे तर खूप हट्ट आहेत, कुठला हवा?' आणि मग रंगाच्या दुकानाच्या मालकाचं उत्तर आलं. त्याने फक्त एक फोन नंबर दिला आणि लिहिलं, 'जपून बोला. ओरडते.'

दोनच दिवसांत आबा आणि नात त्या दुकानाचा जिना चढत होते. कानसेनचे केस गेले होते, ताईचे पांढरे झाले होते, भांडण जसंच्या तसं होतं.

"तू माळ्यावरून नीट काढ रे, पाडशील!"

"मी आजवर काही पाडलंय?"

"माझा बँड पाडलास!"

कीबोर्ड चादरीतून निघाला. फ्लॉपी खाचेत गेली. आतून कर्रर्र असा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. डिस्क वाचता येत नाही.

आबांनी खाली ठेवलेली व्हायोलिनची पेटी हळूच पायाशी ओढून घेतली, निघायच्या बेतात असल्यासारखी. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, संपलं. बाकी सगळीकडे मी अर्धी, आणि पूर्ण होते तिथे मुकी.

"बसा," कानसेन म्हणाला. "मिक्सर बंद पडला की लोक नवीन आणतात. मी उघडून बघतो."

त्याने फ्लॉपीचं कवच नखाने उकललं. आतली पातळ काळी चकती दोन बोटांत धरली. एका नव्या फ्लॉपीची चकती काढून टाकली. स्पिरिट लावलेल्या कापसाने माझ्यावरची बुरशी इतकी अलगद पुसली, की ताईसुद्धा श्वास रोखून बसली. मग मला नव्या कवचात घातलं. खाचेतलं चकती वाचणारं डोकंही पुसलं. ढकललं.

कर्रर्र. थांबलं. पुन्हा कर्रर्र. आणि मग गाण्याचं नाव आलं.

"वाजव," ताई म्हणाली. "सगळं नको. सातवा एकटा."

मी वाजले. आयुष्यात पहिल्यांदा, ते दुसरं व्हायोलिन एकटं, कुणाच्याही मागे न लपता. कीबोर्डचा आवाज जुनाट, घासल्यासारखा. पण आबांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. उतरत गेली. नात त्यांच्या बोटांकडे बघत होती. एका जागी बोटं थांबली आणि मी पुढे गेले.

"हे नाही," आबा म्हणाले. "हे चार सूर माझे नाहीत. इथे मी गप्प होतो. कागदाचं पान उलटायचं होतं."

कानसेनने मला तिथेच थांबवलं. "टेप झिजलीय असं वाटलं होतं मला. म्हणून मी भरले."

"छान भरलेत. पण माझे नाहीत."

"काढ रे ते," ताई म्हणाली.

"काढतोय ना! इतकी वर्षं मला वाटायचं की तेच चार सूर सगळ्यात झकास आहेत."

"तुला नेहमीच तसं वाटतं."

त्याने बटणं दाबली. माझे चार सूर गेले आणि तिथे शांतता आली. तुम्हाला वाटेल, मला दुखलं असेल. मुळीच नाही. ज्याने ते मूळ वाजवलं त्यानेच मला दुरुस्त केलं. असं भाग्य आमच्या जातीत कुणाच्या वाट्याला येतं? बहुतेकींना तर आपल्याला कुणी बनवलं हेही ठाऊक नसतं.

आबांनी पेटी उघडली. त्या खोलीतच ते बोटं बसवायला लागले. एकदा चुकले, दोनदा चुकले. ताईने मशीन बाजूला सारून त्यांना खुर्ची दिली. "सावकाश हो. माझा भाऊ एकेका सुराला आठवडा लावायचा."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मी मास्तरांच्या लॅपटॉपमध्ये, या वेळी पूर्ण. बनवणाऱ्या दोघांची नावं माझ्या आत पहिल्या ओळीवर होती. नातीने स्वतः टाइप केली होती. पहिल्या रांगेत ताई आणि कानसेन कुणी कुठे बसायचं यावरून कुजबुजत भांडत होते. आबा स्टेजवर, खुर्चीत, व्हायोलिन हनुवटीखाली.

गाणं सुरू व्हायच्या आधी मास्तर माझ्यावर वाकले. पडद्यावरच्या सातव्या ट्रॅकसमोर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तो ट्रॅक गप्प होतो. मास्तरांनी ते दाबलं.

गाणं चाललं. ताल मी दिला, बासरी मी दिली, पहिली व्हायोलिनं मी दिली. मधला तुकडा आला, आणि मी सातव्या जागी गप्प बसले. तिथून खरा माणूस वाजवत होता. माझं व्हायोलिन घासल्यासारखं वाजायचं, त्याचं तसं नव्हतं. त्यात श्वास होता. एक सूर किंचित हलला. दाताच्या डॉक्टरने ड्रमवरचा हात हलका केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

मित्रांनो, मी खूप वाजले. समारंभांत वाजले, खिशांत वाजले, कुठल्या कुठल्या देशांत वाजले. पण माझा सगळ्यात मोठा मान तो, जेव्हा मला गप्प राहायला सांगितलं गेलं. ज्याच्यासाठी मी ती जागा इतकी वर्षं धरून ठेवली होती तो येऊन बसला होता.

म्हणून सांगते, जुनी फाईल दिसली तर हसून उडवू नका. वाजवून बघा. जे तुम्हाला ऐकू येत नाही ते खोडून टाकू नका, आधी दुसऱ्या कुणाला ऐकू येतंय का ते विचारा. आणि ती फाईल ज्याने बनवली त्याचं नाव पुसू नका. त्याला जागा फार लागत नाही हो. माझ्यासारख्या एवढुशीतसुद्धा ते सहज मावतं.